आईची एकुलती एक साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत एक सोय आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपत आली की पाळकसाहेब चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हणजे देवाने तुमच्यासाठी काय केलं ते पुढे जाऊन सगळ्यांना सांगायचं. ज्यांना घरी कोणी बोलू देत नाही, ती माणसं या प्रश्नाची महिनाभर वाट बघत असतात. एका अंकलना प्रभूने फ्रिज कुठला घ्यायचा ते सांगितलं होतं, कंपनीच्या नावासकट. एका आंटीच्या सुनेबद्दल प्रभूला नेहमीच काहीतरी म्हणायचं असायचं, आणि नेमकं आंटीच्या मनातलंच. कोणी काहीही सांगो, खाली बसलेल्यांनी "आमेन" म्हणायचं. साक्षीला उलट प्रश्न विचारायचा नाही, ही आमच्यातली रीत. पुढे तो फ्रिज बिघडला, तरी कोणी त्या अंकलना विचारलं नाही की प्रभू वॉरंटीचं काही बोलला होता का. मला विचारायचं होतं. आईने माझा दंड धरून ठेवला.

आम्ही घोडपदेवच्या चाळीतले मराठी ख्रिस्ती. नाताळात करंज्या करणारे आणि दिवाळीत शेजाऱ्यांच्या करंज्या खाणारे. माझं ऑफिस परळला, जुन्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. तिथे आजही कोणीतरी विचारतंच, "तू ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं छान कसं बोलतेस?" त्यावर मी एक अस्सल मराठी शिवी देऊन दाखवते. मग परत कोणी विचारत नाही.

माझे पप्पा बसमध्ये कंडक्टर होते. त्यांचा आवाज असा की त्यांनी मागच्या दाराशी "पुढे सरका" म्हटलं की पुढच्या बसमधलेसुद्धा सरकत असतील. रविवारी हाच आवाज चर्चमध्ये. पेटी त्यांची, गीताची पहिली ओळ त्यांची, आणि बाकीच्यांनी सूर चुकवला की रागाने वर उचललेली भुवई पण त्यांचीच. पाळकसाहेबांचा उपदेश लोक जांभया देत ऐकायचे, पण पप्पा गायला लागले की लहान पोरंही गप्प बसायची. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे तेवढंच एक काम उरलं होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

आई याच्या अगदी उलट. बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसायची आणि संपल्यावर सगळ्यांच्या आधी चपला घालायची. इतक्या वर्षांत तिने चर्चमध्ये तोंड उघडलं ते फक्त गाण्यासाठी आणि प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी.

तर पप्पांचा आवाज बसला. आधी आम्ही म्हटलं थंड पाणी प्यायलं असेल. मग हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गल्लीतल्या डॉक्टरच्या रंगीत गोळ्या झाल्या. शेवटी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून सरळ सांगितलं. स्वरयंत्रात कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, गळ्याला कायमचं भोक ठेवावं लागेल, श्वास तिथून घ्यायचा. काढलं तर माणूस वाचण्याची चांगली आशा आहे. नाही काढलं तर आवाज जाईल आणि मागोमाग माणूसही.

पप्पांनी एकच विचारलं, "आणि गाणं?"

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, नंतर सरावाने, उपकरण लावून थोडंफार बोलता येईल. गाणं नाही. पप्पांनी मान डोलवली, जणू कोणी पुढच्या स्टॉपचं नाव सांगितलं. बाहेर आल्यावर मी टॅक्सी थांबवायला गेले आणि वळून बघते तर हा माणूस फुटपाथवर उभा राहून रडतोय. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं, भर रस्त्यात, आणि मला म्हणाली, "बघत काय राहिलीस? टॅक्सी थांबव."

बातमी चाळीत पसरायला काय लागतं? शेजारच्या मालवणी काकू आल्या, आईच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, मी आमच्या देवाक गाऱ्हाणा घातलंय हां. तुमचो कामात असलो तर आमचो बघतलो." आई म्हणाली, "घाला हो, कोणाचा तरी फोन लागेल." मला वाटतं सगळ्या दुखण्यात सगळ्यात शहाणी प्रार्थना ती होती.

कारण त्यानंतर ब्रदर आले. आमच्या मंडळीतले नव्हेत, प्रार्थनेने आजार बरे करतात म्हणून बाहेरून कोणीतरी आणलेले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट, आणि आमच्या खोलीत पलंग आणि कपाट सोडून जेमतेम पाच माणसं मावतात तिथे सोबत माइक. पप्पांच्या गळ्यावर हात ठेवून ते असे काही ओरडले की खालच्या मजल्यावरची कुत्री भुंकायला लागली. मी चहा गाळत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण पप्पा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालं होतं, म्हणून गप्प राहिले. जाताना ब्रदर म्हणाले, "विश्वास पक्का असेल तर सुरीची गरज काय?" आणि आमच्याकडची दोन बिस्किटं खिशात घालून गेले. त्यांचा बिस्किटांवर मात्र पूर्ण विश्वास होता.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. पप्पा पेटीवर बसले आणि काय झालं देव जाणे, आवाज मोकळा निघाला. घोगरा होता, पण निघाला. एक अख्खं कडवं गायले. बायका डोळे पुसायला लागल्या. साक्षीची वेळ आली तसे पप्पा उठले आणि म्हणाले, "प्रभूने मला बरं केलं. त्याने मला सांगितलं, ऑपरेशन करू नकोस."

सगळं चर्च म्हणालं, "आमेन!"

मी नाही म्हटलं. आईनेही नाही. तिने फक्त आपली पर्स उघडली, आत बघितलं आणि बंद केली.

ऑपरेशनची तारीख आली आणि गेली. त्या सकाळी पप्पा दाढी करून, पेपर वाचत बसले. मी बॅग भरून ठेवली होती ती मीच लाथेने पलंगाखाली सरकवली आणि जे भांडले, जे भांडले, की काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज तर परत बसलाच होता, आधीपेक्षा वाईट. घास गिळताना चेहरा वाकडा व्हायचा. मी म्हटलं, "पप्पा, दिसतंय ना तुम्हाला? काही बरं झालेलं नाही." ते म्हणाले, "साक्ष दिलीय मी. सगळ्यांसमोर. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

घ्या. म्हणजे माणूस मरणार कशाने, तर साक्षीने. एकदा का सगळ्यांसमोर बोललं की देवाने बरं केलं, मग हॉस्पिटलात जाणं म्हणजे देवाला खोटं पाडणं आणि स्वतःलाही. आमच्या लोकांशिवाय हे कोणालाही समजावून सांगता येणार नाही. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग सांगायचं ना, चूक झाली." बाई गं, फ्रिजवाल्या अंकलनी नाही सांगितलं, माझे पप्पा काय सांगणार?

मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनाही मनातून वाटत होतं की पप्पांनी जावं, ते मला दिसत होतं. पण म्हणाले, "बेटा, प्रभूने त्यांना सांगितलं असं ते म्हणतात. त्यावर मी काय बोलणार?" मी म्हटलं, "साहेब, प्रभूला मराठीत इतकं सविस्तर बोलता येतं, तर त्याने एक फोन डॉक्टरीणबाईंना करायला काय हरकत होती?" ते हसले नाहीत. मला चहा मात्र दिला.

मग हॉस्पिटलातून फोन आला. डॉक्टरीणबाईंनी खटपट करून दुसरी तारीख काढली होती. म्हणाल्या, यावेळी आले नाहीत तर गाठ इतकी पसरेल की मग ऑपरेशनचा उपयोग नाही. मी पप्पांना सांगितलं. त्यांनी पेटीवरची धूळ पुसली. बास, एवढंच उत्तर. त्या आठवड्यात मी देवाला जे जे बोलले ते छापण्यासारखं नाही, आणि त्याने ऐकलं असेल तर त्याच्याही ते लक्षात असेल.

तारखेच्या आधीच परत पहिला रविवार आला. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला, विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" आणि माझ्या शेजारून आई उठली.

मला वाटलं तिला बरं नाही, बाहेर जातेय. मी तिच्यासाठी गुडघे बाजूला घेतले. ती पुढे गेली. पाळकसाहेबांनी माइक दिला तो तिने उलटा धरला, त्यांनी सरळ करून दिला.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "पण काल भाकऱ्या करताना प्रभू माझ्याशी बोलला. म्हणाला, तुझ्या नवऱ्याला मी हॉस्पिटलात बरा करणार आहे. मी म्हटलं, प्रभू, तू तर त्यांना सांगितलंस ऑपरेशन नको. तर म्हणाला, तेव्हा सांगितलं होतं, आता माझा विचार बदललाय. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाला, देव कोण आहे, तू की मी?"

पप्पा पेटीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघत होते.

"आणि म्हणाला, नवऱ्याला सांग, लाजू नकोस. कोणी काही बोललं तर माझं नाव सांग."

तिने माइक परत दिला. एक क्षण कोणालाच कळेना काय करावं. खोटं म्हणावं तर साक्षीला खोटं म्हणायचं नसतं. खरं म्हणावं तर पप्पांना हॉस्पिटलात पाठवावं लागणार. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, "आमेन," आणि असे जोरात म्हणाले की मला त्या माणसाबद्दल इतकं प्रेम वाटलं, काय सांगू. मग सगळे म्हणाले. मी तर किंचाळलेच. आयुष्यात आईचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

घरी आल्यावर वाकून पप्पांनी पलंगाखालची बॅग बाहेर ओढली.

ऑपरेशन नीट झालं, पप्पा घरी आले, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. त्या सकाळी त्यांना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर झोपवलं होतं आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर आम्ही थांबलो होतो. माझ्या हातात त्यांची फाइल आणि चष्मा. आई त्यांच्या पायांवरची चादर नीट करत होती, नीट असलेलीच.

पप्पांनी तिला विचारलं, "तुला खरंच सांगितलं त्याने?"

आईने इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

"काहीच नाही?"

"इतकी वर्षं विचारतेय. एक शब्द नाही."

पप्पा छताकडे बघत म्हणाले, "माझ्याशी पण नाही बोलला गं. मला फक्त भीती वाटत होती. आवाज गेल्यावर माझ्यात राहणार काय? मला कोण विचारणार?"

दोघांनी देवाच्या नावावर भर चर्चमध्ये थापा मारल्या होत्या, एकाने मरायच्या भीतीपेक्षा मोठ्या भीतीपायी, आणि एकीने त्याला वाचवायला. मला दोघांना झोडावंसं वाटलं आणि दोघांना पोटाशी धरावंसंही. मी रडत होते, नाक वाहत होतं, आणि रुमाल नेमका बॅगेत.

आई वाकली. त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "अहो, तो एक शब्द बोलत नाही, तरी मी त्याला सोडलं का? मग तुम्हाला सोडीन होय?"

पप्पा हसले. घोगरं, खोकल्यात अडकलेलं हसू. सिस्टर धावत आली, "पेशंटला हसवू नका," म्हणून आमच्यावर ओरडली आणि स्ट्रेचर आत ढकललं. दार बंद होईपर्यंत ते हसत होते आणि मी कान देऊन ते ऐकत होते, कारण त्यांचा तो आवाज आम्हाला परत ऐकायला मिळणार नव्हता.