तिच्या जागेवर गेलेला हात

नवा हात मिळाला तेव्हा तो माझ्यापेक्षा बराच गोरा निघाला. वाशिमच्या शिबिरात हात बसवून देणाऱ्या माणसाने एखादा सावळा आहे का म्हणून दोन-तीन खोकी उघडून पाहिली आणि म्हणाला, "ताई, मापाचा हाच आहे." मी हसले. नवरा हसला नाही. परतीच्या एसटीत मेडशी येईपर्यंत तो खिडकीबाहेरच पाहत होता.

माझा उजवा हात डाळ मिलमध्ये गेला, मनगटाच्या थोडा वर. मालेगावच्या रस्त्याला असलेल्या त्या मिलमध्ये आमच्या गावच्या पाच-सहा बाया जायच्या. माझं काम बसून तूर निवडायचं. चाळणीच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं काम माझ्या मैत्रिणीचं. आमची घरं एकाच गल्लीत, विहाराच्या मागे. एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन आम्ही दोघी या गावात आलो, त्यामुळे सासरच्या गोष्टी एकमेकींना सांगतच जुन्या झालो. अपघाताच्या आदल्या दिवशी ती बसमध्ये म्हणाली, "उद्या मी किन्हीराजाले जातो. भाचीचं बारसं हाये. माया जागेवर तू उभी राहशीन का?"

मी हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्ट्यात पोत्याची सुतळी अडकली. मशीन बंद करून काढायची असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळेच ती चालू मशीनमधून काढायचे. मीही तेच केलं. सुतळीने माझी बोटं आत ओढली. पुढचं तुटक आठवतं: दंडाला करकचून बांधलेला कुणाचा तरी दुपट्टा, आणि अकोल्याला नेणाऱ्या जीपमध्ये पायाखाली कुरकुरणारा तुरीचा भुसा.

मैत्रीण दवाखान्यात येऊन गेली, पण तेव्हा मी गुंगीत होते. नवऱ्याने नंतर सांगितलं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. माझी सासू तिच्याकडे न पाहता एवढंच म्हणाली, "तुई जागा होती ना ते?" तिने मान हलवली आणि आली तशी निघून गेली. त्यानंतर ती मिलमध्ये गेलीच नाही. लोकांच्या वावरात निंदायला, सोयाबीन सोंगायला जाऊ लागली. मी दिसले की दुसऱ्या गल्लीने वळायची. पौर्णिमेला विहारात वंदनेला यायची, ती सगळ्यांत मागे बसून सगळ्यांच्या आधी उठायची.

माझ्यामुळे तिचं काम सुटलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. लोक म्हणायचे, हात तुझा गेला आणि तू तिची काळजी कायले करतं? मी तिच्या जागेवर नीट उभी राहिले असते, नुसती मशीन बंद केली असती, तर ती आजही माझ्या शेजारी बसून मिलला गेली असती. तिने विश्वासाने दिलेली जागा मी सांभाळली नाही, असं वाटायचं.

घरातही तेच. मी स्वयंपाकाला लागल्यापासून सासूने परातीला हात लावला नव्हता. आता ती पुन्हा भाकरी थापू लागली. गुडघे दुखायचे म्हणून गॅसपाशी स्टूल ठेवून बसायची. मी डाव्या हाताने तव्यावरची भाकर उलटायचे आणि तिच्या मनगटावरच्या सुरकुत्यांकडे पाहायचे. ती कधी कुरकुरली नाही. कुरकुरली असती तर बरं झालं असतं.

नवा हात आल्यावर सकाळी तिने पिठाचा डबा माझ्यापुढे सरकवला. तिच्या तोंडावर आशा होती. त्या हाताचे पट्टे खांद्यावरून जातात. खांदा पुढे नेला की तार ताणली जाते आणि बोटं उघडतात, सैल सोडला की मिटतात. परात धरून ठेवायला तो चांगला होता. थापायला मात्र त्याला तळवाच नव्हता म्हणायचा. भाकर एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने फाटलेली झाली. सासूने ती स्वतःच्या ताटात घेतली. "चांगली हाये," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुलावर जाऊन बसली.

उन्हाळ्यात आत घाम साचून कातडी सोलायची. तरी मी हात काढायची नाही. घरातल्यांना वाटायला हवं होतं की माझं भागतंय. आणि मैत्रिणीलाही ते दिसावं, असं माझ्या मनात आलं. मी ठीक आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं तर ती गल्ली बदलायची थांबेल.

एका दुपारी मी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला, गोऱ्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या आणि तिच्या घरी गेले. ती ओसरीत सुपात तूर पाखडत होती. मला पाहून सूप तसंच मांडीवर धरून राहिली.

"काहून आली?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, भीती होती.

"तुले पाहाले आली. तू तर येत नाईस."

"बस."

मी बसले. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग सुपाकडे.

"जमते का आता?"

"समदं जमते," मी म्हणाले. "भाकर थापतो, धुणं करतो. पहिल्यासारखंच."

ती आत जाऊन चहा करून आली. कप डाव्या हाताने सहज उचलता आला असता. मला तिला दाखवायचं होतं. मी खांदा पुढे केला, बोटं उघडली, कपाभोवती मिटवली. उचलला, आणि तोंडाशी येता येता तो तिरपा झाला. सगळा चहा त्या हातावर सांडला.

मला काही लागलंच नव्हतं. ती मात्र ओरडत उठली. मडक्यातून गडू भरून आणला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यावर पाणी ओतत फुंकर घालू लागली. "भाजलं का वं? बाई, भाजलं का?" बोटं चोळत होती, बांगड्या मागे सारत होती. मग तिच्या हाताला ते रबर कळलं. ती थांबली. हात सोडला मात्र नाही.

आधी मला हसू आलं, मग तिला. हसता हसताच ती रडायला लागली.

"मी त्या दिवशी बारशाले गेलीच नोती," ती म्हणाली. "बारसं झालंच नाई कुठं. मी घरी झोपली होती. पाय दुखत होते, अंग दुखत होतं. मले निस्तं एक दिवस झोपाचं होतं. आन् खोटं बोलली तुले."

मला राग यायला हवा होता, असं नंतर कित्येकदा वाटलं. आला नाही. मलाच किती दिवस असे झोपून काढावेसे वाटले होते, ते आठवलं. झोपायचं आहे असं ती सरळ म्हणाली असती तरी मी तिच्या जागेवर उभी राहिलेच असते. तेच तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नसावं.

"मीही आता खोटंच बोलली," मी म्हणाले. "भाकर नाई जमत मले. बुढीच थापते."

ती माझ्या ओल्या बांगड्या पदराने पुसत राहिली.

ती मिलमध्ये परत गेली नाही. मी गेले, बसून निवडायच्या कामावर. डाव्या हाताने तूर सरकवायची, उजव्याने सूप धरून ठेवायचं, एवढं होतं. पट्टा सुरू झाला की माझी पाठ आपोआप ताठ होते. पट्ट्यापाशी आता दुसरीच बाई उभी असते. सुतळी दिसली की मी जागेवरून ओरडते, आधी बटन दाब म्हणून. बाया चिडवतात. चिडवू दे.

दर रविवारी मैत्रीण आमच्याकडे येते. येताना नेलकटर आणते आणि माझ्या डाव्या हाताची नखं कापते. ते काम एका हाताच्या माणसाला सहजासहजी होत नाही. कापायला काही उरलेलं नसलं तरी ती एकेक बोट धरून पाहते. मधल्या काळात मी नेलकटर गोऱ्या हातात पक्का धरून स्वतःची नखं कापायला शिकले आहे. तिला सांगितलेलं नाही.

सांगावं असं वाटतं. तिने किती दिवस माझ्या पुढ्यात मान खाली घालून बसावं? पण ते सांगितलं तर पुढच्या रविवारी ती कशासाठी येईल, हे मला कळत नाही. तिला बरं वाटावं म्हणून मी गप्प आहे की ती यावी म्हणून, हेही नक्की सांगता येत नाही. तिची पावलं दाराशी वाजली की मी चहाचं आधण ठेवते आणि डावा हात पुसून ओसरीत येऊन बसते.