नंबर माझा, नाव तिचं

माझ्या धाकट्या जावेला वाघ दिसतो आणि मला झाडं दिसतात. आमच्या दोघींचं भांडण एवढंच, आणि तेही मी एकटीच भांडते.

व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्लीकडच्या एका लहान गेटवर आम्ही दोघी गाइड आहोत. ट्रेनिंग बरोबरच झालं, खाकी शर्टही एकाच शिंप्यानं शिवले. पण चितळानं एकदा आवाज दिला की वाघ कुठल्या नाल्यातून निघणार हे धाकटी नुसत्या कानानं सांगते. पर्यटक तिच्यासोबत फोटो काढतात, पुढच्या वर्षी तिचं नाव घेऊन येतात. माझ्या जिप्सीतले लोक मी ऐन-धावड्याची झाडं दाखवायला लागले की मोबाइल काढतात. जंगल म्हणजे काय मेला नुसता वाघच असतो? हे मी चुलीपुढं किती वेळा बोलले असेन. सासू म्हणायची, "तुह्या पोटात काऊन दुखते वं?" दुखतं. खोटं कशाला बोलू?

आता माझ्या बापाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबा बल्लारपूरला पेपर मिलमध्ये होते. युनियनचे, पक्के लाल. आमच्या चाळीला नळ एकच आणि सकाळी बादल्यांची ही मोठी रांग. नळ पाहणारा माणूस बाबांच्या युनियनमधला. मी दिसले की तो माझी बादली उचलून पुढं ठेवायचा. एकदा बाबांनी ते पाहिलं. त्यांनी माझी भरलेली बादली, जिचा खरा नंबर होता त्या बाईच्या घागरीत ओतली आणि रिकामी बादली रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. मला शाळेत उशीर झाला, छड्या बसल्या. संध्याकाळी मी रागानंच विचारलं, "बाबा, लाल म्हंजे काय असते?" ते म्हणाले, "आपली बादली आपल्या नंबरवर. बाकी सारं भाषण आहे."

ते गेल्यावर भावांनी घर ठेवलं, मी बाबांच्या पेटीतला लाल झेंडा मागून आणला. तेव्हापासून मी स्वतःला लाल समजते.

गेटवर पूर्वी धरबंधच नव्हता. रिसॉर्टवाले आदल्या दिवशी फोन करून हवा तो गाइड ठरवायचे. ज्याला कोणी मागत नाही तो दुपारपर्यंत बाकावर बसून घरी जायचा. आमच्यातले एक म्हातारे भाऊ होते, कानानं अधू. त्यांना आठवड्यात एखादी फेरी मिळाली तर मिळाली. मग गाइडच्या बैठकीत मी उभी राहिले. नळ सांगितला, बादली सांगितली, बाबांचं वाक्य सांगितलं, भाऊंकडे बोट दाखवलं. वही ठेवा, म्हटलं, ज्याचा नंबर तोच जाईल, पर्यटकाला कोणाचंही नाव घेऊ द्या. काय बोलले मी त्या दिवशी! टाळ्या पडल्या. आणि बोलताना माझा डोळा सारखा धाकटीकडं. आता मागतात का पाहू तुला नाव घेऊन! तिनं मात्र सगळ्यांच्या आधी हात वर केला. मला तेही खुपलं.

नवरा जेवताना हसून म्हणाला, "तुमा लाल लोकायचं असंच असते. दुसऱ्याचं चांगलं पाह्यवत नाई अन् त्याले समता म्हनता." मी त्याच्या ताटात भात आपटला. पण ते बोलणं लागलं ते लागलंच. म्हाताऱ्या भाऊंना फेऱ्या मिळायला लागल्या, हे खरं. धाकटीच्या कमी झाल्या म्हणून मला गोड वाटलं, हेही खरं. यातलं लाल कुठलं आणि जळकं कुठलं, मला निवडता येईना.

गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आली. खिडकीवर म्हणाले, मागच्या वर्षी धावड्याच्या डिंकाचं इतकं सुंदर सांगितलं, त्याच बाई पाहिजेत. आणि माझं नाव घेतलं! सगळ्यांसमोर! अकरा वर्षांत पहिल्यांदा. नंबर धाकटीचा होता. ती जिप्सीत एक पाय ठेवून उभी होती.

"आजच्या दिवस बदलून घे ना वं," मी म्हणाले. मीच म्हणाले, आणि जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"बाई, नंबर..." ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं पाहून खाली उतरली. वहीत खाडाखोड झाली.

ती फेरी मी जन्मात विसरणार नाही. कुसुम, तेंदू, मोह, एकेक झाड मी दाखवत होते आणि मास्तर सगळं आपल्या वहीत लिहून घेत होते. वाघ दिसला नाही आणि कोणी विचारलाही नाही. घरी आले ती गुणगुणतच.

आठवड्यानं एका रिसॉर्टचा मॅनेजर चार पाहुणे घेऊन आला, हे मोठे कॅमेरे. त्यानं धाकटीचं नाव घेतलं. नंबर माझा होता. खिडकीतला माणूस नियम सांगायला लागला, तर मास्तरांच्या फेरीचं ऐकून असलेल्या मॅनेजरनं वहीची पानं उलटून खाडाखोडीवर बोट ठेवलं. "हे कसं झालं मग?"

बाकावरच्या म्हाताऱ्या भाऊंना ऐकू आलं नसेल, पण वहीवरचं बोट दिसलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चूक माझी आहे, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही.

धाकटी पुढं झाली. "त्या दिवशी माहं चुकलं," ती म्हणाली. "मी उतरायले नाई पाह्यजे होतं. आज नंबर बाईचा आहे, बाईच येतीन."

"अरे, फायदा तुमचाच आहे," मॅनेजर म्हणाला.

"असन. पन आपली बादली आपल्या नंबरवर."

माझ्या बापाचं वाक्य. माझ्यादेखत.

मी जिप्सीत बसले. चौघांची तोंडं उतरली होती. एकानं विचारलंही, त्या का नाही आल्या? मी त्या दिवशी ना ऐन दाखवला ना धावडा. परत आले तर धाकटी बाकावर भाऊंजवळ बसली होती. "दिसला का बाई?" तिनं विचारलं, अगदी मनापासून. मी नाही म्हणून मान हलवली आणि सरळ घरी आले.

वाघ तिचा, पर्यटक तिचे, हे मी कसंबसं गिळलं होतं. बाप तेवढा माझा होता. आणि त्याची लेक शोभली ती.