दाराशी बसलेल्या माणसाचे पाय

१९४३, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचा गुरुवार, दिवस मावळायच्या आत. जागा: उंब्रजजवळचं आमचं घर. गावात चर्चची इमारत नव्हती, उपासना आमच्या सोप्यातच व्हायची. हजर: वडील, म्हणजे मंडळीचे पाळक, आई, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली मी, शेजारच्या आजी, मंडळीचा कारभार पाहणारे एक पंच, आणखी चार घरची माणसं. गैरहजर: माझा थोरला भाऊ. तो सांगलीच्या तुरुंगात होता.

भूमिगत पोरांना भाकरी पोचवायचा म्हणून त्याला धरलं होतं. तो कुठे झोपतो हे पोलिसांना पंचांनी सांगितलं. त्यांच्या मुलाला चौकीत बसवून ठेवलं होतं, मारायची भीती घातली होती. सोमवारी पंच स्वतःच दारात येऊन हे सांगून गेले. वडिलांनी ऐकून घेतलं. आई चुलीपाशी होती, तिनेही ऐकलं.  प्रार्थनेत ती रोज देवाशी भांडायची, माझं लेकरू परत दे, दुसरं काही मागत नाही.

आमच्याकडे त्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, पाळकाने सगळ्यांचे पाय धुवायचे. शेवटच्या माणसाचे धुऊन झाल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर मोडायची नाही. एक राहिला तर सगळेच राहिले.

वडील घंगाळ सरकवत ओळीने निघाले. आई तांब्याने पाणी घालत होती, मी कोरडं फडकं देत होते.

"पाळकसायेब, माज्या भेगा धुवायच्या म्हंजी उद्याचा शुक्रवार उजाडंल," आजी म्हणाल्या.

"उजाडू द्या की," वडील म्हणाले. माणसं हसली.

पंच दाराशी होते, पाय धोतरात ओढून. वडील त्यांच्यापुढे बसले, हात पाण्यात घातले आणि हात तिथेच राहिले.  शेवटी पंचच उठायला लागले.

"मी जातो. तुमी घ्या भाकर."

"बसा," आई म्हणाली. तिने तांब्या माझ्याकडे दिला, वडिलांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि खाली बसली.

"वैनी, तुमी नगा. पाया पडतो."

"पाय पुढं करा भावजी. पाणी गार व्हतंय."

परक्या पुरुषाच्या पायाला बाईने हात लावल्याचं आमच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. आईने घाई केली नाही. टाचा चोळल्या, बोटांच्या बेचक्यांतली शेताची माती काढली. तिचे ओठ हलत होते. मी पाणी घालायला वाकले होते म्हणून मला ऐकू आलं.

"देवा, पोरगा तुझाच आहे. तुला ठेवायचा तिथं ठेव."

 देव जवळ असतो असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या संध्याकाळी मला मोठ्याने श्वास घ्यायची भीती वाटली.

मग वडिलांनी भाकर मोडली. पंचांनी आपला घास खाल्ला.

भाऊ सुटून आला तोवर पंच वारले होते. आईने मला बजावलं, "त्याला तू सांग. कुणी धरून दिलं ते आणि मी पाय धुतले ते, दोन्ही एका बैठकीत. एकटं एक सांगू नको."

आता वडील नाहीत, आईही नाही. तिची भांडी वाटून झाली, कबरेचा दगड बसवून झाला. भाऊ सांगलीच्या विश्रामबागला राहतो आणि अजून विचारतो, कुणी सांगितलं असेल गं? पहिली गोष्ट एका वाक्याची आहे. दुसरीपाशी आले की मी पाहिलं त्याला शब्द पुरत नाहीत, म्हणून दोन्ही सांगायच्या राहिल्या आहेत.