मटक्याला लावलेला कान

नवा मटका पहिल्यांदा भरला की त्याच्या अंगातून पाझरणारा थंड, कच्च्या मातीचा वास मला सोसत नाही. घरात फ्रिज असताना मटका कशाला, असं म्हणून मी दर चैत्रात विषय मिटवते आणि घरचे माझ्या हट्टाला हसून गप्प बसतात. झाशीचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना या बोलण्यातला खोटेपणा तत्काळ कळेल. इथे होळीची राख निवण्याआधीच किल्ल्याचा खडक तापू लागतो, कडुलिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड गंध धुळीत मिसळून खिडक्यांच्या फटींतून आत झिरपतो, आणि त्या कोरड्या, पिवळ्या दुपारी घशाला मटक्याचंच पाणी हवं असतं. पण मटका पाहिला की त्याला बिलगलेली चार वर्षांची एक मुलगी मला दिसते, आणि मग पाणी गळ्याखाली उतरत नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पन्नाशी उलटली, आता नाही सांगितलं तर केव्हा सांगणार?

तीसेक वर्षांपूर्वी सीपरी बाजारच्या मागच्या एका गल्लीत, सायकल-दुरुस्तीच्या दुकानांच्या पलीकडे, पिवळ्या चुन्याने रंगवलेली एक नर्सरी होती. तिथे मी शिकाऊ दीदी होते. वर्षभर मुलांची नाकं पुसायची, हळद घालून मळलेल्या कणकेचे गोळे त्यांच्या हाती द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन खिडकीतला पोपट दाखवायचा, आणि वर्षाअखेरीस परीक्षकांसमोर एक पाठ घेऊन प्रमाणपत्र मिळवायचं. त्या प्रमाणपत्राची मला अतोनात निकड होती. ते हाती आलं तर नोकरी, नाही तर ग्वाल्हेरहून आलेलं स्थळ, असं वडिलांनी एकदाच, शांतपणे सांगितलं होतं.

नर्सरीच्या मुख्य बाईंना सगळे बडी दीदी म्हणत. पांढऱ्या सुती साडीतली ती बाई निष्ठुर मुळीच नव्हती. मुलं तिच्या पदराला लोंबकळत. पण तिचे दोन नियम अढळ होते. पहिला निरीक्षणाच्या वहीचा. प्रत्येक शिकाऊ मुलीने एक मूल निवडायचं, कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर बसून ते काय करतं ते लिहायचं, आणि काहीही झालं तरी मधे पडायचं नाही. “देखो, लिखो, बीच में मत आओ,” असं ती म्हणे. दुसरा नियम भाषेचा. छावणीमुळे आमच्याकडे तमिळ, पंजाबी, गढवाली, कुठकुठली मुलं येत, आणि घरची बोली त्यांनी फाटकाबाहेर ठेवून यावी, त्याशिवाय ती हिंदी उचलणार नाहीत, अशी तिची खात्री होती. ती खरी ठरताना मी स्वतः पाहिली होती.

मला तो नियम जड गेला नाही, कारण तो मी आधीपासूनच पाळत होते. आम्ही ओरछा गेटच्या आतले, पिढ्यान्‌पिढ्यांचे झाशीकर. कोणी खापरपणजोबा फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही फडताळ, न्हाणीघर, मुदपाक असले जुने मराठी शब्द अजून वापरत असू, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच हिंदीत शिरत असू. एकदा लक्ष्मी तलावाकाठच्या देवळात पुण्याकडच्या दोन फौजी बायकांशी मी मोठ्या उत्साहाने मराठीत बोलू लागले, तर त्यातली एक दुसरीला कोपराने ढोसत म्हणाली, “अगं बाई, ही तर बखरीतून उठून आलेली दिसतेय!” दोघी मनापासून हसल्या. त्यात कडवटपणा नव्हता, पण माझे कान तापले ते तापलेच. त्यानंतर मी बाहेर मराठी बोलले नाही, आणि नर्सरीच्या अर्जात मातृभाषेच्या पुढे हिंदी असं लिहून मोकळी झाले.

रुपाली आली ती होळीनंतर. तिचे वडील जवान. झाशीजवळच्या बबिना छावणीत बदली झाली होती, बिऱ्हाड झाशीत होतं आणि बहुतेक दिवस ते सरावासाठी दूर मैदानावर असत. आई साताऱ्याकडच्या खेड्यातली, दिवस भरत आलेली. बडी दीदीने त्या मुलीला माझ्यासमोर उभं केलं आणि समाधानाने म्हणाली, “यह तुम्हारी। मराठी के सिवा कुछ नहीं आता, और यहाँ मराठी किसी को आती नहीं। निरीक्षण एकदम साफ़ रहेगा।” मला मराठी येते, हे चार शब्द उच्चारायचा तोच क्षण होता. पण अर्ज आठवला, बखर आठवली. मी म्हणाले, “जी दीदी।”

मग मी स्टुलावर बसून तिला लिहू लागले. ती बाहुलीला थोपटत म्हणायची, “गप, आई यील हां.” आणि मी हिंदीत लिहायचे: अस्पष्ट बडबड करते. प्रत्येक अक्षर कळत असताना अस्पष्ट हा शब्द लिहिताना हात कधी थबकला का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नाही थबकला. उलट, आपण किती तटस्थ आहोत याचा एक गारसा अभिमान वाटत होता.

एके सकाळी गरम दूध माझ्या पायावर सांडलं आणि तोंडून निसटलं, “आई गं, भाजलं की!” कोणाचं लक्ष गेलं नाही. रुपालीचं मात्र गेलं. खेळ टाकून ती माझ्याकडे पाहत राहिली, अनोळखी गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा तशी. त्यानंतर ती रोज माझ्या स्टुलाजवळ येऊन उभी राही. बोलत नसे. आपल्यात काहीतरी ठरलं आहे असं समजून नुसती उभी राही. मी वहीत लिहिलं: प्रौढांचा सहवास शोधते.

पुढच्याच आठवड्यात तिच्या आईला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यावं लागलं. काही गुंतागुंत होऊन तिचा मुक्काम लांबला, वडिलांना रजा मिळेना, आणि रुपाली शेजारच्या एका गढवाली कुटुंबात राहू लागली. माणसं प्रेमळ होती. वेणी घालून, डबा देऊन तिला वेळेवर पाठवत. पण त्या दिवसांत तिचं बोलणं समजू शकेल असं एकच माणूस तिच्या जगात उरलं होतं, आणि ते हातात पेन्सिल घेऊन स्टुलावर बसलेलं होतं.

मग वहीत नव्या नोंदी येऊ लागल्या. हाक मारल्यावर वळत नाही, जिद्दी. गाण्यात भाग घेत नाही. मधेच डोकं हलवते. आणि एका दुपारी, सगळी मुलं चटयांवर निजली असताना, ती उठून ओसरीतल्या मटक्यापाशी गेली, त्याच्या ओल्या, गार पोटाला तिने कान टेकवला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच राहिली. बाहेर उन्हाचा नुसता धूर होता. आतल्या सावलीत ती मुलगी आणि तो मटका एखाद्या शिल्पासारखे स्तब्ध दिसत होते. माझ्या अंगावर शहारा आला. मी लिहिलं: मटक्याला कान लावून पाण्याचा आवाज ऐकते; कल्पनाशक्ती विलक्षण.

नर्सरीतली आया, रामकली अम्मा, तिथेच झाडत होती. निरक्षर, बुंदेली बाई, जीभ तिखट. ती थांबून म्हणाली, “काय बिन्नू, कॉपी में तौ सब लिख लेतीं। तनक मोड़ी सें पूछ तौ लेओ, का हो रओ?” पोरीला जरा विचार तरी, एवढंच तिचं म्हणणं. मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. मधे पडायचं नव्हतं ना.

परीक्षेचा दिवस उजाडला. लखनौहून आलेल्या परीक्षक बाई खुर्चीवर, शेजारी बडी दीदी, आणि त्यांच्यासमोर मी कागदाची फुलं हातात धरून रंग शिकवत होते. मुलं लाल, पीला, नीला असं ओरडत होती. मला यश दिसत होतं. अगदी हाताच्या अंतरावर होतं. तेवढ्यात रुपाली रांगेतून उठली, सरळ माझ्यापाशी आली, माझा पदर धरला आणि स्वच्छ, सावकाश, जणू मला समजावं म्हणून प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाली, “ताई, माझ्या कानात लई दुखतंय.”

परीक्षक बाईंनी पेन थांबवलं. मी गुडघ्यांवर बसले, तिचा हात हळूच पदरातून सोडवला आणि परीक्षेला शोभेल अशा गोड आवाजात म्हणाले, “हिंदी में बोलो बेटा, तब दीदी सुनेगी।”

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. वळून ओसरीत गेली, मटक्यापाशी. परीक्षक बाईंनी पाठ संपल्यावर वही चाळली, मटक्याच्या नोंदीवर बोट ठेवलं आणि बडी दीदीला म्हणाल्या, “बहुत सूक्ष्म दृष्टि है लड़की की।” त्या दिवशी घरी जाताना मी सीपरी बाजारातून पेढे घेतले.

दुपारनंतर रुपालीला विचारता आलं असतं, बडी दीदीला सांगता आलं असतं. उद्या बघू, असं मी मनाशी म्हटलं. उद्या ती आली नाही. परवाही नाही.

आली ती आठ-दहा दिवसांनी, आईबरोबर, नाव काढून घ्यायला. आईच्या कुशीत नवं बाळ, चेहरा पांढराफटक. रुपालीच्या डोक्याला हनुवटीखालून गाठ मारलेला मोठा रुमाल, त्यात दोन्ही कान झाकलेले. उशीवर पू दिसल्यावर शेजारणीने धावपळ करून तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. पडदा फाटला होता. त्या कानाने आता फारसं ऐकू येणार नाही, आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं आईने तुटक्या हिंदीत सांगितलं आणि मग विचारलं, “दीदी, इसने इधर किसी को बोला नहीं?”

बडी दीदीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “नहीं जी, इसने कुछ नहीं बताया।”

तेव्हा ती माउली मुलीकडे वळली आणि आमच्यातल्या कोणालाच कळत नाही अशा समजुतीने, रडवेल्या रागाने म्हणाली, “अगं, एवढं दुखत हुतं तर सांगायचं न्हाई व्हय कुणाला?”

“ताईला सांगितलं हुतं,” रुपाली म्हणाली. माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं.

“त्या ताईला कुठं आपलं बोलणं कळतंय, येडे!” असं म्हणून आईने तिच्या रुमालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली. “बच्चा है जी. माफ करना.”

मी मान हलवली. त्या बाईला माफ केल्यासारखी हलवली.

ती माणसं पुढे कुठे गेली मला ठाऊक नाही. विचारायचं धैर्य झालं नाही, आणि नंतर विचारायला कोणी राहिलं नाही. प्रमाणपत्र मिळालं, नोकरी मिळाली. आज मी स्वतः शिकाऊ मुलींना शिकवते. माझ्या वर्गात मुलांनी कोणत्याही बोलीत बोलावं, आणि दीदीने वही खाली ठेवून आधी उठावं, असा माझा नियम आहे. लोक त्याला माझा उदार दृष्टिकोन म्हणतात. मी खोडून काढत नाही. माझ्या मुलाला मराठी कळते, बोलता येत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला कधी रागावलेली नाही. कोणत्या तोंडाने रागावू?

ती वही अजून माझ्याकडे आहे. परवा ट्रंकेतून काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिच्या रिबिनींचे रंग त्यात आहेत, डब्यात काय होतं ते आहे, ती किती घोट पाणी प्यायली तेही आहे. रुपाली आता पस्तिशीला टेकली असेल. समजा कधी भेटलीच, आणि ‘मला तेव्हा कळलं होतं’ एवढं एकच वाक्य मला तिच्याशी आपल्या भाषेत बोलायचं झालं, तर मी तिच्या कोणत्या बाजूला उभी राहू? मटक्याला लावलेला कान डावा होता की उजवा, हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही. डोळे मिटून आठवू गेलं तर ती मुलगी कधी या बाजूला कलते, कधी त्या बाजूला, आणि ओल्या मातीचा वास तेवढा येत राहतो.