हिरुतची खोली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही, देवापुढेसुद्धा नाही — आणि आमच्या घरात देवापुढे बसायचे प्रसंग काही कमी येत नाहीत. माझं सासर पंचवटीतलं, रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगणारं. दीर अजूनही सांगतात. तेव्हा मन मोकळं करायला मला फार लांब जायला नको होतं. पण तिथं हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागते, गुडघे बरे होऊ देत वगैरे, आणि उठते.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. "जाऊ द्या हो, एवढं काय त्यात" असं म्हणायला तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही, हे बरं आहे. ते मला ऐकायचं नाही.

कुठून सुरुवात करू? खोलीपासून करते.

आमच्या भावकीनं मिळून गंगापूर रोडला बिल्डिंग बांधली. बारा फ्लॅट, त्यातले नऊ आमच्याच आडनावाचे. पहिल्या दिवसापासून नियम असा की इमारतीत मांसमच्छी शिजायची नाही, अंडंसुद्धा नाही. धाकटे दीर सेक्रेटरी. यजमान गेले, मुलगा हैदराबादला स्थिरावला, आणि तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले. म्हणून मग कॉलेजच्या मुली ठेवायला लागले. एका खोलीत दोन कॉट. एकीवर कोमल, सटाण्याकडची, मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी. दुसरी कॉट चार महिने रिकामी होती.

एक दिवस एजंट हिरुतला घेऊन आला. इथिओपियाची मुलगी, फार्मसीचं पुढचं शिक्षण घ्यायला नाशकात आलेली. उंच, बारीक, केसांच्या अगदी घट्ट वेण्या, हातात कागदांची प्लास्टिकची फाइल. माझं घर हे तिचं चौदावं. आधीच्या तेरा ठिकाणी "जागा कालच गेली" असं सांगितलं होतं. एका बाईंनी तर दाराच्या भिंगातून पाहिलं आणि दार उघडलंच नाही. हे तिनं मला हसत सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची तरी फजिती. मी तिला "या" म्हणाले.

का म्हणाले? मन मोठं म्हणून? नाही हो. कॉट रिकामी होती, आणि मला पुढारलेली म्हणवून घ्यायला आवडतं. चार बायकांत "आमच्याकडे आफ्रिकेची मुलगी राहते" असं सांगताना माझा आवाज कसा चढायचा, ते मला चांगलं आठवतंय.

परदेशी मुलीला ठेवायचं म्हणजे घरमालकानं ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो मी सायबर कॅफेत बसून भरला. करारनामा झाला. तिच्या व्हिसाच्या कागदांवर माझा पत्ता लागला. दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची, आणि त्यासाठी राहत्या जागेचा करार आणि मालकाची सही लागते. जागा नाही तर मुदत नाही, मुदत नाही तर शिक्षण नाही. हे मला तिनंच समजावलं होतं, दोनदा. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दीड वर्ष ती माझ्याकडे राहिली. मराठी कोमलकडून शिकली, त्यामुळे ती अहिराणीच शिकली. सकाळी स्वयंपाकघरात डोकावून विचारायची, "काकू, चहा शे?" मी हसले की तिला वाटायचं काहीतरी चुकलं. ती बेसनाचं एक कालवण करायची. मी चाखून म्हटलं, अगं हे तर पिठलं. मसाला तेवढा वेगळा. मग मी माझं केलं आणि ती म्हणाली, हे तर आमचंच. अशी आमची गट्टी.

आणि त्यांचा ईस्टरच्या आधीचा उपास. पंचावन्न दिवस. दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, मटण नाही. तिच्या घरी त्या दिवसांत मासळीसुद्धा शिवत नाहीत. दुपारपर्यंत पाणीही घ्यायची नाही. आमचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस आणि वर दही. मी तिच्यासमोर एकादशीचं ताट घेऊन बसले की मलाच कसंतरी व्हायचं.

हा उपास लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

आता मुद्द्यावर येते. येते येते म्हणते आणि पिठल्यात रमते — पाहिलंत ना?

माझं माहेर घोटीकडचं. भाताची शेती, मराठा घर. बाजाराच्या दिवशी वडील पिशवीच्या तळाला कागदी पुडीत सुकट आणायचे. वाळवलेली बारीक कोळंबी. आई तव्यावर भाजून कांदा, तिखट, दोन आमसुलं घालायची, आणि तांदळाची भाकरी. पुढे मी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, तिथं यजमानांशी जमलं, आणि लग्न करून मी पूजाअर्चेच्या घरात आले. सासूबाईंनी उंबऱ्यातच विचारलं, "सोडशील ना सगळं?" मी हो म्हणाले, आणि खरंच सोडलं. अडतीस वर्षं. माहेरी गेले तरी खाल्लं नाही. लोक माझं उदाहरण द्यायचे. बघा, बाहेरून आली, पण आमच्यापेक्षा सोवळी.

यजमान गेल्यावर चौथ्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला घोटीला गेले होते. बाजारातून चालताना वास आला. पाय थांबले. एक पुडी घेतली, घरी आणली, स्टीलच्या डब्यात घालून मेथीच्या डब्यामागे लपवली. अकरा दिवस तो डबा मी उघडला नाही, नुसता तिथं आहे हे माहीत असायचं.

मग एक दुपार मिळाली. कोमल सटाण्याला गेलेली, हिरुत कॉलेजात, वरच्या मजल्यावर दीर-जाऊबाई झोपलेले. मी सगळ्या खिडक्या लावल्या — हा मूर्खपणा — आणि तवा ठेवला.

किती चांगली लागली, ते कसं सांगू? मी ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं होतं. तिखटानं नव्हे.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. हिरुतचं लेक्चर रद्द झालं होतं. ती दारात, मी ताट हातात घेऊन. तिनं एकदा नाक वर केलं, ताट पाहिलं, माझा चेहरा पाहिला. तिला आमचा नियम पाठ होता, मीच पाठ करून घेतला होता. ती सरळ गेली, खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट फॅन लावला, आणि वळून ओठांवर बोट ठेवलं. "सीक्रेट, काकू," म्हणाली आणि हसली. आम्ही दोघीही हसलो. मग मी शहाणपणा केला आणि धूप जाळला. सुकटीच्या वासात धूप मिसळला की काय होतं हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत.

पाच वाजता बेल वाजली. दीर, जाऊबाई आणि समोरच्या फ्लॅटमधले दोघे. दार हिरुतनं उघडलं. मी मागून आले.

"वहिनी, कसला वास येतोय हो? सगळ्या जिन्यात भरलाय," दीर म्हणाले. मला विचारलं, पण पाहिलं तिच्याकडे. चौघांनीही तिच्याकडेच पाहिलं. माझ्याकडे पाहायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. "तुम्ही साध्या आहात. या पोरी मागं काय काय शिजवतात, तुम्हाला कळायचं नाही."

हिरुतला एवढं मराठी कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. ती वाट पाहत होती, बस. तिनं गुपित ठेवीन म्हटलं होतं, आणि ते ती ठेवत होती. सांगायचं तर मीच सांगायचं होतं.

आणि मी काय बोलले? तुम्हाला वाटत असेल, मी गप्प बसले. गप्प बसले असते तरी बरं झालं असतं. मी पुढे झाले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊजी, लेकरू आहे. परक्या देशातलं. तिला काय कळतंय आपल्याकडचं? पुन्हा नाही करायची."

माफी मागितली मी. तिच्या वतीनं. माझ्या हाताखाली तिचा खांदा ताठ झाला, ते मला अजून जाणवतं. जाऊबाई म्हणाल्या, "तुमचं मन मोठं म्हणून." आणि माझं तोंड बघा — मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

ती तेव्हा उपासाच्या एकेचाळिसाव्या दिवसात होती. त्या दुपारपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता तिनं.

मीटिंग झाली. तिला आठ दिवसांत जागा सोडायला सांगितलं. तिच्या मुदतवाढीचा अर्ज त्याच महिन्यात द्यायचा होता, आणि आता अर्जावर लिहायला पत्ता नव्हता. त्या आठ दिवसांत माझ्याकडे रोज संधी होती. दीर एक जिना वर राहतात. सोळा पायऱ्या. मी चढले नाही. का? चार लोकांत माझी छी-थू होईल, अडतीस वर्षांचं सोवळं एका पुडीत जाईल, म्हणून. भीती वाटली. दुसरं काही कारण नाही.

जाताना हिरुतनं खोली झाडून घेतली. तो तवा मी गॅलरीत कुंड्यांमागे टाकला होता, वास जाईना म्हणून. तो तिनं राख आणि लिंबानं घासून ओट्यावर पालथा ठेवला. मला "येते, काकू" म्हणाली. आपल्याकडे "जाते" म्हणत नाहीत, हेही मीच शिकवलेलं.

इथवर सांगून मी थांबले तर तुम्ही म्हणाल, माणूस आहे, घाबरली. पण अजून एक आहे. ते मला जास्त लागतं.

ती इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत आणि पुढे एकलहऱ्याला पॉवर स्टेशनच्या कॉलनीपर्यंत खोली शोधत फिरली. ती गेल्यावर पाचव्या की सहाव्या दिवशी मला इंदिरानगरच्या एका बाईंचा फोन आला. तुमच्याकडे राहत होती ना, कशी आहे मुलगी? द्यायची म्हणतेय मी खोली. माझा नंबर त्यांना हिरुतनंच दिला होता. एवढं झाल्यावरही तिला वाटलं होतं, काकू चांगलं सांगतील.

त्या वेळी दारात कुणी उभं नव्हतं. दीर नव्हते, जाऊबाई नव्हत्या. मी निवांत खुर्चीत बसलेली. आणि मी म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो, स्वच्छ आहे, अभ्यासू आहे. फक्त खाण्यापिण्याचं तेवढं बघून घ्या."

का म्हणाले? त्या बाईंची आणि जाऊबाईंची ओळख निघाली तर माझी गोष्ट दोन्हीकडे एकच असावी म्हणून. एवढा विचार मी एका श्वासात केला. पलीकडून "अच्छा, अच्छा" असा आवाज आला आणि फोन ठेवला गेला.

महिन्याभरानं कोमल कॉलेजातून आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "हिरुत गयी, काकू. परीक्षा राहिनी तिनी." पत्ता नाही म्हणून अर्ज परत आला होता, मुदत संपली होती, तिला मायदेशी परत जावं लागलं होतं. शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती. कोमल रडत होती. मी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "नशीब एकेकाचं." हेही मी म्हणाले.

त्या मीटिंगमध्ये एक ठरावही झाला होता — इमारतीत परदेशी विद्यार्थ्यांना जागा देऊ नये. सूचक दीर. अनुमोदक कोण, तर ज्यांना अनुभव आला त्यांनीच व्हावं, असं सगळे म्हणाले. वहीत माझी सही आहे. गेटवर पाटी लागली, वर मराठीत, खाली इंग्रजीत.

सुकट मी अजून खाते. आता भावाकडे घोटीला जाऊन खाते. चव तीच लागते. लागू नये असं वाटतं, पण लागते.

गेल्या आठवड्यात भाजी घेऊन येत होते. गेटपाशी एक मुलगी उभी होती, परदेशातली, कुठल्या देशाची ते नाही विचारलं. हातात कागदांची प्लास्टिकची फाइल. पाटी वाचत होती. मला पाहून तिनं इंग्रजीत विचारलं, आंटी, हा नियम अजून आहे का?

कोमलचं शिक्षण संपलं, ती गेली. त्या खोलीतल्या दोन्ही कॉट रिकाम्या आहेत.

मी "येस" म्हणाले आणि आत गेले.