घरात कुलपं किती?

मेहकरात कंप्युटर घ्यायचा, तर आधी मामूंना घरी चहाला बोलवावं लागे. दुकानात जाऊन कितीही घाई केली तरी ते म्हणत, "घर पाह्यल्याबिगर मशीन देत नाही." मुलगी पाहायला आलेले पाहुणेही इतकं बारकाईने पाहत नसतील. कपबशी हातात घेऊन मामू घरभर हिंडत आणि कुलपं शोधत.

स्टँडजवळ त्यांचं बोळकांडीएवढं दुकान होतं. वडील कुलूप-किल्लीची कामं करत. मामूंनी आधी रेडिओ उघडले, मग टीव्ही आणि शेवटी कंप्युटर. तेव्हा कंप्युटरमध्ये टाकायची सिस्टिम दोन प्रकारची मिळे, होम आणि प्रोफेशनल. कोणती घेऊ, असं कुणी विचारलं की मामूंचं उत्तर ठरलेलं. "ज्या घरात कुलपं नाही, त्याले होम बस झालं. होममधी घरातलं कोनीबी कुठंबी शिरते. प्रोफेशनलमधी कोन्या कप्प्यात कोन जाईन, हे ठरवता येते." फ्रिजला कुलूप लावणाऱ्या एका डॉक्टरांना त्यांनी न विचारता प्रोफेशनल दिली. हिवरा आश्रमच्या एका गुरुजींचं दार सदा सताड उघडं, त्यांना होम.

हे शास्त्र दर वेळी बरोबर यायचंच, असं मात्र नाही. उंद्रीच्या एका व्यापाऱ्याचं मोकळंढाकळं घर पाहून मामूंनी होम दिली. त्याला तर दुकानात बसून गोडाउनातला कंप्युटर चालवायचा होता, आणि ते होमला जमेना. मामू एसटीने उंद्रीला गेले, सगळं पुसून नव्याने टाकून आले. "घर पाह्यलं, धंदा पाह्याचा राह्यला," एवढंच म्हणाले आणि स्वतःवरच हसले.

आमचं बी-बियाण्यांचं कृषी केंद्र होतं, पुढे दुकान आणि मागे घर. बोंडअळीला दाद न देणारी बीटी कपाशी नवीन होती, बियाण्याच्या थैल्यांसाठी रांगा लागत. दुकान माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, पाहत. मी नवी सून, कंप्युटरचा कोर्स केलेली, म्हणून आता दुकानात कंप्युटर घ्यायचं ठरलं. माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. लग्नाआधी मी गोष्टी लिहीत असे. सासरची माणसं प्रेमळ, पण कागद दिसला की सासूबाई तो नातवंडांना मोठ्याने वाचायला लावत आणि सगळं घर कौतुकाने हसे. त्या कौतुकाने माझं लिहिणं बंद पडलं होतं. मला कंप्युटरमध्ये एक कप्पा हवा होता, दुसऱ्या कुणी उघडू नये असा. पण हे मागायचं कोणत्या तोंडाने? आपल्या घरात कशालाच कुलूप नाही, याचा सासूबाईंना केवढा अभिमान!

मामू आले, चहा पीत घरभर हिंडले. भासरे म्हणाले, "होमच द्या मामू. आमच्यात लपवाछपवी नाही."

मामू मान डोलावणार, तेवढ्यात त्यांची नजर खाटेखाली गेली. तिथे माझी माहेरची पत्र्याची पेटी होती आणि तिला चिमुकलं कुलूप.

"हे कोनाचं?"

सासूबाई ओशाळल्या. "धाकलीचं हाय. काय ठुलं त्यात, तिलेच ठाऊक."

स्वयंपाकघराच्या दारात उभी मी शरमेने अर्धी झाले. मामूंनी मला काही विचारलं नाही. ते भासऱ्यांकडे वळले. "प्रोफेशनल लागन, भाऊ."

"एका पेटीपायी?"

"बीटीच्या थैलीत सादी कपाशीची पुडी येते, ते काऊन?"

आता हे भासऱ्यांना विचारायचं! रोज गिऱ्हाइकांना सांगून त्यांचा घसा बसे. "वावराच्या कडेनं सादी कपाशी लावा रे. अळीले तिथं खाऊ द्या, नाही तं ते बीटीले सरावते." लोक हो म्हणत आणि पुडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकून देत.

"मीबी तेच म्हनतो," मामू म्हणाले. "सारं वावर एकसारखं करू नाही. थोडी जागा येगळी सोडा, तं बाकीचं वावर टिकते."

भासऱ्यांनी वाकून ते चिमुकलं कुलूप पाहिलं. मग म्हणाले, "टाका प्रोफेशनल."

मशीन बसवून माझ्या कप्प्याला पासवर्ड घालायची वेळ आली तेव्हा मामू उठले आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. "झालं का बेटा?" मी हो म्हणेपर्यंत वळले नाहीत.

धुऱ्यावर फेकलेल्या पुड्या पुढे सगळ्यांनाच भोवल्या. बीटीतही अळी निघू लागली. माणसं किडकी बोंडं रुमालात बांधून आणत, काउंटरवर सोडून ठेवत आणि बाकावर बसून राहत. ज्यांना बियाणं दिलं त्यांच्या नजरेला नजर देणं भासऱ्यांना जड जाई. जेवण तुटलं त्यांचं. मी ते सगळं माझ्या कप्प्यात लिहीत गेले. लिहिलं नसतं तर त्या वर्षांत मी त्या घरात टिकले नसते, हे आज उघड सांगते. रात्री दुकानात मी लिहायला बसले की भासरे दाराशी खाकरत आणि मगच आत येत. दार उघडंच असे.

मामू गेले तेव्हा मी त्यांच्या घरी बसायला गेले. इतकी वर्षं तेच आमच्याकडे येत राहिले, मी त्यांचं घर पहिल्यांदाच पाहत होते. मामींजवळ बसले आणि सवयीने नजर भिंतींवरून फिरली. दाराला नुसती कडी, कपाटाच्या कोयंड्यात काडी खोवलेली. कोनाड्यात मात्र एक लाकडी डबा होता, पितळी कुलपाचा.

मामींच्या लक्षात आलं. "माहा हाय तो. निकाहाच्या वक्ताचा." ओढणीने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "एकदा कुलूप बिघडलं. त्यायनंच दुरुस्त केलं, डबा माह्या मांडीवर ठेवूनशान. किल्ली फिरवून पाह्यली अन् माह्या हातात देली. झाकन नाही उचललं."

त्यात काय आहे, ते मीही विचारलं नाही.