चार मिनिटांचा अर्ज

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. जन्मापासून त्याला दिसत नसे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज कॉम्प्युटरमध्ये असतो. कानसेन तो इतक्या वेगानं लावायचा की शेजारी उभ्या असलेल्याला पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटावं. त्याला मात्र शब्द न् शब्द कळायचा.

काम सांगायला सोपं होतं. वेबसाइट उघडायची, माउसला हात लावायचा नाही, आणि अपंग माणसाला ती वापरता येते का ते बघून पास किंवा नापास लिहायचं. चौदा वर्षं तो हेच करत होता. नुसतंच ‘बटण, बटण, बटण’ म्हणणाऱ्या आणि कसलं बटण ते न सांगणाऱ्या साइटी त्यानं ढिगानं नापास केल्या होत्या. तो चुका शोधायचा, दुसरेच कुणीतरी दुरुस्त करायचे आणि शाबासकी विक्री विभाग घेऊन जायचा. “आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय,” असं तो स्वतःच म्हणे, आणि ऐकणाऱ्याची पंचाईत व्हायची, हसावं की नाही.

तर अशा या कानसेनाचा थोरला भाऊ, दादा, घड्याळं दुरुस्त करायचा. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसला आणि मग दोन वर्षांत दोन्ही डोळ्यांची नजर गेली. घड्याळांमुळे नव्हे, आजारानं. दुकान बंद झालं. नातेवाईक कानसेनाकडे बघून उसासे टाकायचे, जणू दुःख कसं करायचं याचा तो घरातला जाणकार. त्याला तर काहीच वाटत नव्हतं. दादाचा हात धरून तो त्याला जिने उतरवायचा, ताटात भात कुठे आणि भाजी कुठे ते सांगायचा, आणि आत सगळं बधिर. लहानपणी हेच सगळं दादानं त्याच्यासाठी केलं होतं, हेही त्याला आठवे, पण कुणा दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ऐकावी तसं.

नव्यानं दृष्टी गेलेल्यांसाठी एका केंद्रात सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. काठी घेऊन एकट्यानं चालणं, स्वयंपाक, कॉम्प्युटर, बोटांनी करायची कामं. दादाला तिथे जायचंच होतं. आजारपणानंतर त्यानं स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. अर्ज वेबसाइटवर, शुक्रवारपर्यंत, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर अट: हा अर्ज मी स्वतः भरत आहे. ती वेबसाइट दोन महिन्यांपूर्वी कानसेनानंच तपासली होती. पास.

“चार मिनिटांचं काम आहे, दादा,” तो म्हणाला होता. “मी स्वतः भरून बघितलाय.”

मंगळवारी वहिनीनं त्याला दारातच गाठलं. “भाऊजी, पाच दिवस झाले. रोज सकाळी बसतात आणि दुपारी उठतात. विचारलं की म्हणतात, होतोय. आज जेवलेही नाहीत.”

दादा टेबलाशी बसला होता. हात कीबोर्डवर, पण हलत नव्हते.

“सगळं पुसलं जातं रे,” तो म्हणाला. “शेवटाकडे आलो की पुन्हा पहिलं पान. माझंच काहीतरी चुकत असणार.”

“मी भरून देऊ?”

“पहिल्याच पानावर खोटं लिहून शिकायला जाऊ?” मग तो म्हणाला, “तुला चार मिनिटं लागली. मी मठ्ठच, दुसरं काय.”

कानसेनानं त्याला ताटावर बसवलं, भात कुठे आणि भाजी कुठे ते सांगितलं.

बुधवारी ऑफिसात त्यानं ती साइट पुन्हा उघडली. नेहमीसारखा अर्ज भरला. चार मिनिटं दहा सेकंद, काही अडचण नाही. मग आवाजाचा वेग दादाच्या वेगावर आणला. शिकणाऱ्याचा वेग. एकेक शब्द सुटा, मध्ये दम घेतल्यासारखी फट. कानसेनाला तो ऐकवेना. पण त्यानं हात मांडीवर ठेवले आणि प्रत्येक वाक्य संपेपर्यंत थांबला. दादासारखंच एकेक अक्षर शोधून टाइप केलं, चुकलं तर खोडलं. चोवीसपैकी सतराव्या प्रश्नाला आवाज म्हणाला, पान एक, आपलं स्वागत आहे.

त्यानं शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावलं. तिला दिसत होतं. “पडद्यावर कुठे घड्याळ आहे?”

“आहे की. वर कोपऱ्यात, बारीक. दहा मिनिटांवरून उलटं मोजत शून्यावर येतंय.”

ते घड्याळ आवाजाला दिसत नव्हतं, म्हणून कानसेनालाही नाही. त्यानं आपला जुना अहवाल काढला. वेळेची मर्यादा आहे का, या प्रश्नापुढे त्यानं लिहिलं होतं: आढळली नाही. खोटं नव्हतं ते. सहा मिनिटं शिल्लक ठेवून बाहेर पडणाऱ्याला ती आढळणार कुठून? ज्याच्या हुशारीची ऑफिसात एवढी वाहवा, त्या हुशारीनंच डोळ्यात धूळ फेकली होती.

त्यानं पास खोडून नापास लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुरुस्तीला दोन आठवडे लागतील म्हणाल्या, आणि केंद्राला मुदत वाढवायची विनंती पाठवली. केंद्रानं नियम दाखवला, मुदत वाढत नाही; दोन दिवसांत दादाचा वेगही वाढण्यासारखा नव्हता, आणि शुक्रवार तसाच गेला. मग शनिवारी कानसेनानंच तिथल्या कारकुनाला फोन लावला.

“अहो, मुदत वाढवून करायचं काय?” कारकून म्हणाला. “जागा दहा, अर्ज अकरा. यादी लागली.”

“आणि अर्धवट सोडलेले?”

कीबोर्डची खटखट झाली. “दोनशे चौदा. त्यांना गरज नसेल तेवढी. पुढच्या वर्षी बघू.”

फोन ठेवून तो दादाकडे गेला. वहिनी भांडी विसळत होती, तिनं नळ बंद केला. त्यानं काही लपवलं नाही. घड्याळाचं सांगितलं, आपल्या अहवालाचं सांगितलं, दोनशे चौदांचंही सांगितलं.

“म्हणजे मी मठ्ठ नाही,” दादा म्हणाला.

“नाहीस. चूक माझी होती.”

“बरं.” दादानं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “मग ज्यांना मिळालं ते दहा जण कोण रे? माझ्यासारखेच असतील ना, नुकतीच नजर गेलेले?”

कानसेनाला आत कुठेतरी दुखलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“नाही, दादा,” तो म्हणाला. “दहा मिनिटांच्या आत अर्ज भरून झालेले. ते सगळे माझ्यासारखे.”